बंदराची विद्या आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिकेतील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आम्हाला दोन शब्द बोलायला उभे करतात आणि दरवर्षी आम्ही एकच सांगतो, मुलांना शिकवा. आता मुले शिकली. आपल्या वस्तीत पदवीधर झाले, शिक्षक झाले, कोणी बँकेत लागले, कोणी नर्स झाली. म्हणून यंदा आम्ही पुढचा प्रश्न घेऊन उभे आहोत. कुठवर शिकवायचे? आणि जी विद्या आपल्यापैकी कोणाच्याच घरात आजवर आली नाही, तिच्यामागे एखादी पोर लागली, तर तिला आपण काय सांगायचे?

हा प्रश्न हवेतला नाही. दोन महिन्यांपूर्वी रात्री नऊच्या सुमारास आपल्याच वस्तीतले एक जोडपे आमच्या घरी आले. त्यांची मुलगी याच अभ्यासिकेत बसून शिकली. बी.कॉम. झाली, मग चेन्नईला जाऊन बंदर आणि जहाज व्यवस्थापनाचे एमबीए करून आली. नेटची परीक्षा पास झाली, पण जेआरएफ थोडक्यात हुकली. आता ती म्हणते, मी पीएच.डी. करणार, बंदरांवर संशोधन करणार आणि पुढे प्राध्यापक होणार. त्याच आठवड्यात नवी मुंबईतल्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीकडून तिला नोकरीचे पत्र आले. महिना तीस हजार.

तिची आई म्हणाली, "भाऊ, तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकते ती. धाकट्याची फी आहे, ह्यांचं औषध आहे. आणि बंदरावर एवढं शिकायचं काय असतं हो? जहाज येतं, माल उतरतो, जहाज जातं."

आम्ही त्यांना चहा दिला आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली. का मागितली, ते सांगतो.

आमचे वडील गोदीत होते. हातात लोखंडी हुक आणि पाठीवर गोणी. कोणत्या जहाजातून काय आले, हे त्यांना वासावरून आणि वजनावरून कळायचे. गंधक उतरला की रात्रभर डोळे चोळायचे. आम्ही पुढे गिरणीत लागलो, आधी बदली, मग कायम. ब्लो रूममध्ये कापसाच्या गाठी फोडायचे काम. त्यातला लांब धाग्याचा मिसरी कापूस समुद्रावरून यायचा. म्हणजे बापाने जी गाठ उतरवली असेल, ती लेकाने फोडली. पण ती कोणत्या देशातून आली, भाडे किती लागले, जहाज धक्क्यावर एक दिवस जास्त थांबले तर तो भुर्दंड कोणावर पडतो आणि शेवटी कोणाच्या मजुरीतून निघतो, हे दोघांनाही कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. गोदीची भिंत उंच होती म्हणतात. त्याहून ही न विचारण्याची भिंत उंच होती.

आता दुसरी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी याच अभ्यासिकेतला एक मुलगा आमच्याकडे आला होता. हुशार मुलगा. एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्क होता. त्याला पुढे हेच शिकायचे होते. त्याने विचारले, "काका, नोकरी सोडू का?" आम्ही म्हणालो, "बाबा, आधी घर बघ. शिक्षण कुठं पळून जात नाही." शिक्षण पळून गेले. आज तो उरणकडे सुपरवायझर आहे, रात्रपाळी करतो, घर नीट चालवतो. त्याचे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण या मुलीची बातमी कानावर गेली तेव्हा तो पाळी संपवून थेट आमच्या दारात आला. म्हणाला, "काका, तेव्हा मला जे सांगितलंत ते तिला सांगू नका."

म्हणून आम्ही आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत आम्ही त्या मुलीपुढे विद्यार्थी होऊन बसलो. अभ्यासिकेच्या फळ्यावर तिने आम्हाला जे शिकवले, त्यातले थोडे आज तुमच्यापुढे ठेवतो. चुकले तर चूक आमची.

पहिली गोष्ट, हा विषय किती मोठा आहे. जगाच्या व्यापारातला वजनाने ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रावरून जातो. आपल्या देशाचा परदेशाशी होणारा व्यापार वजनाने सुमारे ९५ टक्के समुद्रमार्गे होतो. आपल्या घरातले खाद्यतेल, गॅस, मोबाइलचे सुटे भाग, औषधांचा कच्चा माल, सगळे कुठल्या ना कुठल्या धक्क्याला लागूनच येते. सागरी व्यापाराचा अभ्यास म्हणजे काय, तर जहाजाचे भाडे का वाढते, धक्का किती वेळ अडकतो, कोणता माल कशाशेजारी ठेवायचा, विमा कोणी उतरवायचा, बंदरातून माल रेल्वेने काढायचा की ट्रकने, याचा हिशोब. यावर मार्टिन स्टॉपफर्ड नावाच्या अभ्यासकाचे 'मेरिटाइम इकॉनॉमिक्स' नावाचे जाडजूड पुस्तक १९८८ सालीच निघाले आहे.

बंधूंनो, १९५६ हे साल आपल्याला कोणी शिकवायला नको. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. पण त्याच वर्षी २६ एप्रिलला अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या एका ट्रकवाल्याने न्यूअर्कहून ह्यूस्टनला 'आयडियल एक्स' नावाचे जहाज पाठवले. त्यावर ५८ लोखंडी पेट्या होत्या. त्या पेट्या म्हणजे आजचे कंटेनर. गोण्या एकेक करून उतरवायच्या ऐवजी अख्खी पेटीच क्रेनने उचलायची. ज्या जहाजाला धक्क्यावर आठ-आठ दिवस लागत, त्याचे काम तासांवर आले. जगभरच्या गोद्यांतली हमाली त्या पेटीने खाल्ली. आमच्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांत काम कमी कमी होत गेले, तेव्हा घरात सगळे म्हणायचे, युनियन कमी पडली, नाहीतर नशीब. २६ मे १९८९ ला खाडीपलीकडे न्हावा-शेवाला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनर तिकडे वळू लागले, तेव्हाही आपण नशिबालाच बोल लावला. नशीब कसले! हिशोब होता. तो हिशोब कोणीतरी विद्यापीठात बसून शिकले होते आणि आपल्यापैकी कोणी शिकले नव्हते. आधी कळले असते तर पेटी थांबली नसती, हे खरे. पण पेटी येणार आहे, तर आमच्या मुलांना क्रेन चालवायला शिकवा, अशी मागणी वेळेवर करता आली असती.

दुसरी गोष्ट, चूक झाली तर काय होते. १४ एप्रिल १९४४. जयंतीचाच दिवस. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. त्यात युद्धाचा दारूगोळा होता आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. आम्ही कापसातले माणूस. गाठीच्या आत ठिणगी पडली तर ती बाहेरून दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते, हे ब्लो रूममधला नवखा पोरगासुद्धा सांगेल. दुपारी आग लागली आणि चारच्या सुमारास जहाज फुटले. थोड्या वेळाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून आजही १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात. तुम्ही म्हणाल, ते युद्धाचे दिवस होते. मग बैरूत? ४ ऑगस्ट २०२० ला लेबनॉनच्या त्या बंदरात वर्षानुवर्षे पडून असलेले सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटले. दोनशेहून जास्त माणसे मेली. कोणता माल कुठे, किती दिवस आणि कोणाच्या जबाबदारीवर ठेवायचा, हा बंदराच्या अभ्यासातला धडा आहे. तो धडा नापास झाला की आधी मरतो तो धक्क्यावरचा कामगार आणि भिंतीलगतचा रहिवासी.

आता तिसरी गोष्ट, आणि हीच त्या मुलीच्या संशोधनाची आहे. ती म्हणते 'सस्टेनेबल पोर्ट'. आम्ही म्हणालो, बाई, मराठीत सांग. ती म्हणाली, "टिकाऊ बंदर, काका. आज धंदा व्हावा, आणि उद्या खाडी, हवा आणि माणूस शिल्लक राहावा."

शिल्लक न राहिलेले बंदर आपल्या जवळच आहे. नालासोपाऱ्याला आपण सहली घेऊन जातो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तिथे सापडले. कान्हेरीच्या लेण्यांत सोपारा आणि कल्याणच्या लोकांनी दान दिल्याचे कोरलेले आहे. हे बंदरांवर पोसलेले व्यापारी होते. त्यांच्या दानातून लेणी उभी राहिली. आज सोपाऱ्याला जहाज लागत नाही. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपले. म्हणजे बंदरही अनित्यच. ते कसे टिकवायचे हा अभ्यास आपल्याला परका वाटायचे कारण नाही.

आणि बाबासाहेबांना तो परका नव्हता. कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी प्राचीन भारताच्या व्यापारावर लिहिले. 'एन्शंट इंडियन कॉमर्स' या नावाने ते महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १२व्या खंडात छापलेले आहे. आपल्या विहाराच्या कपाटात तो खंड आहे, धूळ झटकून बघा. १९१७ साली ते लंडनहून परत निघाले तेव्हा त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने येत होती. महायुद्धात ते जहाज बुडवले गेले. सामानाची नुकसानभरपाई ६०० रुपये मिळाली आणि बडोद्याला जायचा खर्च त्यातून निघाला, हे आपण त्यांच्या चरित्रात वाचतो. बुडालेल्या मालाचे कोणी आणि किती भरून द्यायचे, हाही या विद्येतलाच एक पाठ. पुढे मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये पाणी, पाटबंधारे आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणारा केंद्रीय आयोग स्थापन झाला, तो त्यांच्याच सल्ल्याने. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच.

आता धुराकडे येतो. जहाज धक्क्याला लागले तरी त्याचे सगळे यंत्र बंद होत नाही. दिवे, पंप, शीतपेट्या चालवायला पोटातली लहान इंजिने चालूच राहतात. दिवस-दिवस डिझेल जळते आणि धूर वाऱ्याबरोबर वस्तीवर येतो. उपाय काय, तर जहाजाला किनाऱ्यावरून वीज द्यायची. आपण फ्रीजचा प्लग भिंतीत खुपसतो, तसा जहाजाचा प्लग धक्क्यावर. स्वीडनच्या गोटेनबर्ग बंदराने मालवाहू जहाजांना अशी जादा दाबाची वीज २००० साली दिली.

पण आम्हाला भिडली ती अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसची गोष्ट. त्या बंदराला लागून सॅन पेड्रो आणि विल्मिंग्टन या वस्त्या आहेत. विल्मिंग्टनमध्ये बहुतेक कष्टकरी, स्पॅनिश बोलणारे लोक. १९९८ मध्ये तिथल्या राज्याच्या हवा मंडळाने डिझेलच्या धुराचे कण विषारी असल्याचे अधिकृतपणे जाहीर केले. त्यामागे अभ्यासकांची वर्षांची मोजदाद होती. पुढे बंदरात एक नवा कंटेनर धक्का बांधायला निघाले. त्याचा परिणाम नीट तपासला नाही म्हणून २००१ मध्ये रहिवासी आणि पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या. २००२ मध्ये कोर्टाने काम रोखले, २००३ मध्ये तडजोड झाली आणि २००४ मध्ये तो धक्का सुरू झाला, तेव्हा तिथे जहाजांना किनाऱ्याची वीज होती. पुढे २००६ मध्ये दोन शेजारी बंदरांनी मिळून हवा स्वच्छ करण्याची योजना केली. आज त्या बंदरातला डिझेल कणांचा धूर २००५ च्या मानाने ८० टक्क्यांहून अधिक घटला आहे, आणि बंदराचा धंदा बुडालेला नाही. वस्तीचा आवाज होता आणि त्याच्या हातात अभ्यासकाचा आकडा होता. दोन्ही लागले.

हे ऐकताना आम्हाला आमची बहीण आठवली. तिचे सासर एका बंदराजवळ. कोळसा उतरायचा त्या दिवसांत तिच्या खिडकीवर रोज काळी पूड बसायची. दोरीवरचे धुणे काळे, पोराचा खोकला थांबेना. आम्ही कार्यकर्ते ना! चार बायकांना घेऊन अर्ज लिहून साहेबाकडे गेलो. साहेब म्हणाले, पुरावा काय? हवेचे मोजमाप आहे का? बहिणीने पिशवीतून खिडकी पुसलेले काळे फडके काढून टेबलावर ठेवले. साहेब हसले. बहीण ते फडके परत पिशवीत घालून घरी आली. भगिनींनो, ते फडके खोटे नव्हते. पण त्या टेबलावर फडक्याला किंमत नाही, आकड्याला आहे. किती मायक्रोग्रॅम, कोणत्या तासाला, कोणत्या वाऱ्याला, हे मांडणारे माणूस आपल्या बाजूला कोणी नव्हते. ही मुलगी तेच शिकायला निघाली आहे. फडक्याचा आकडा करायला.

आणि हे काम उद्याचे आहे असे समजू नका. जगातल्या तापमान वाढवणाऱ्या वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजे सोडतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणली गेली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवले की २०५० च्या आसपास जहाजांचे हे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे. आपल्या केंद्र सरकारनेही मे २०२३ मध्ये 'हरित सागर' नावाची बंदरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. हे सगळे करायला मोजणारी, शिकवणारी, तपासणारी माणसे लागणार. ती कुठल्या वस्तीतून येणार, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या राज्यातच बघा. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदर होते आहे. डहाणूच्या पर्यावरणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये जे प्राधिकरण नेमले गेले, त्याने १९९८ मध्ये तिथे बंदर करता येणार नाही असे सांगितले. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या या कामाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झाले. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. मच्छीमार म्हणतात आमची मासेमारी जाईल, सरकार म्हणते लाखो रोजगार येतील. आम्ही आज इथे कोणाचा निवाडा करायला उभे नाही. आम्ही एवढेच विचारतो की भरावाने प्रवाह कुठे वळेल, गाळ कुठे बसेल, मासळी कुठे जाईल, याचे जाडजूड अहवाल इंग्रजीत असतात. ते वाचून कोळी बांधवाला आणि आदिवासी बाईला मराठीत समजावणारा, आणि त्यातली चूक असेल तर पानावर बोट ठेवून दाखवणारा प्राध्यापक कुठे आहे? असा एक माणूस तयार व्हायला दहा वर्षे लागतात. बंदराला मंजुरी मिळाल्यावर त्याला शोधत बसून उपयोग नाही.

आता आईवडिलांसाठी व्यवहाराचे बोलतो, कारण नुसत्या भाषणाने चूल पेटत नाही.

मार्ग असा आहे. वाणिज्य, अर्थशास्त्र, विज्ञान किंवा इंजिनिअरिंग, कोणतीही चांगली पदवी. मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी. हे केंद्रीय विद्यापीठ २००८ मध्ये झाले, मुख्यालय चेन्नईला, आणि मुंबई, नवी मुंबई, कोची, कोलकाता, विशाखापट्टणम इथेही त्याची संकुले आहेत. बंदर व जहाज व्यवस्थापनाचे आणि वाहतूक व्यवस्थापनाचे एमबीए तिथे आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी आयआयटी मद्रासमध्ये सागरी अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. परदेशात स्वीडनच्या माल्मो शहरात वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटी आहे, ती आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८३ मध्ये काढली. हॉलंडच्या रॉटरडॅमला इरॅस्मस विद्यापीठात सागरी अर्थशास्त्र शिकवतात. पुढे नेट किंवा सेट, मग पीएच.डी. तिला कमीत कमी ३ वर्षे, पण ४-५ धरून चाला. त्यानंतर सहायक प्राध्यापक. शिकवायचे, संशोधनाचे लेख लिहायचे, बंदरांना आणि सरकारला सल्ला द्यायचा, कधी कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभे राहायचे.

पैशाचे म्हणाल तर जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत. ती न मिळाल्यास पुण्याच्या बार्टीची बाबासाहेबांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी जायचे तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना घेतात. केंद्राचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. अटी आणि तारखा बदलत असतात, म्हणून समाजकल्याण कार्यालयात जाऊन ताजी जाहिरात बघा. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला हे कागद आजच तयार ठेवा. आपली मुले गुणांत कमी पडत नाहीत, कागदांत अडकतात.

अडचणी लपवणार नाही. इंग्रजी लागते. आकडेमोड लागते. शिष्यवृत्तीचा पैसा वेळेवर येईलच असे नाही, सहा-सहा महिने हात पसरायची वेळ येते. प्रयोगशाळेत, परिषदेत आपल्यासारखे कोणी दिसत नाही, तेव्हा पोरगी एकटी पडते. लग्नाचा तगादा तर आपण सगळे मिळूनच लावतो. वर्षभराने ती गावजेवणात भेटली की "झालं का गं तुझं?" असे विचारणारे आपणच असतो. तेवढे एक बंद केले तरी मोठी मदत होईल.

आठ दिवस झाले तेव्हा आम्ही त्या घरी गेलो. मुलीच्या वडिलांनी थेट विचारले, "भाऊ, काय ते एकदा सांगा. नोकरी घेऊ दे की नको?" आम्ही म्हणालो, "एकदा आम्ही एका पोराला घर बघ म्हणालो होतो. आता आमच्या तोंडून ते निघणार नाही. पण घर कोणी बघायचं, हे विचारल्याशिवाय तिला जा म्हणणंही बरोबर नाही." तिची आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एक वर्ष बघू. एका वर्षाचं कसंतरी जमवू. पुढचं मला दिसत नाही."

बंधूभगिनींनो, पुढचे तिला दिसत नाही, कारण ते एका घराच्या आवाक्यातले नाही. म्हणून आम्ही कार्यकारिणीपुढे ठराव मांडतो. अभ्यासिकेचा एक संशोधन निधी काढावा. दर घरामागे महिना शंभर रुपये, ज्यांना जमेल त्यांनी. शिष्यवृत्तीचा पैसा येईपर्यंत संशोधन करणाऱ्या मुलामुलींना त्यातून उसने द्यावे, आणि शिष्यवृत्ती आली की त्यांनी ते परत भरावे म्हणजे पुढच्याला मिळेल. दान म्हणून नको, तिलाही ते नको आहे. हिशोब दर पौर्णिमेला फळ्यावर लिहावा. त्या उरणच्या मुलाने पहिल्या वर्षाचे बाराशे आमच्याकडे आधीच आणून दिले आहेत. ते आज आम्ही खजिनदारांकडे जमा करतो.

तिच्याकडूनही आम्ही एक कबुली घेतली आहे. दर वर्षी वर्धापनदिनाला तिने इथे उभे राहून आपण काय शिकलो ते मराठीत, आपल्या आयाबहिणींना समजेल असे सांगायचे. आमच्या बहिणीने ते फडके अजून ठेवले आहे. पहिल्या वर्षी ती बहीण पुढच्या रांगेत बसेल आणि ती जे विचारेल त्याचे उत्तर या मुलीने द्यायचे. आम्ही बाजूला बसून ऐकू.

आमच्या वडिलांनी माल वाहिला, आम्ही तो फोडला. तो कुठून येतो, कोणाच्या जिवावर येतो आणि उद्याही येत राहील का, हे सांगणारे आपल्यातून कोणीतरी तयार होऊ द्या. एक वर्ष तिच्या आईने दिले आहे. उरलेली आपण द्यायची आहेत.

 जयभीम! नमो बुद्धाय!